खेळाची जुनी पेटी

मुलांनो, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी माळा साफ करण्याचे काम निघाले. सोलापूरचा मे महिना कसा असतो, हे तुम्हांला सांगायला नको. दुपारी माळ्यावर चढणे म्हणजे भट्टीत शिरणेच! तरीही माझा भाचा हौसेने वर चढला आणि थोड्या वेळाने पुठ्ठ्याचे एक खोके घेऊन खाली आला. खोक्यात प्लॅस्टिकची एक पेटी होती. तिला वायरने जोडलेले दोन रिमोट होते. शिवाय प्लॅस्टिकची एक बंदूक आणि चार कॅसेटी होत्या.

“मामू, हे काय आहे?” त्याने विचारले.

“हा माझा व्हिडिओ गेम. तुझ्याएवढा होतो तेव्हा दोन ईदींचे पैसे साठवून घेतला होता.”

भाचा हसला. त्याच्या आईच्या मोबाइलमध्ये याहून कितीतरी चांगले खेळ आहेत, असे त्याचे म्हणणे पडले. तरी आम्ही पेटी पुसली, वायरी टीव्हीला जोडल्या, कॅसेट घातली. पहिल्यांदा पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. कॅसेट काढून पुन्हा घातली, तर चित्र आले, संगीत वाजले आणि मिशीवाला मारिओ धावू लागला. अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. मग आम्ही बदकांच्या शिकारीची कॅसेट लावली. बदके उडाली. भाच्याने नेम धरला, घोडा ओढला. बदक पडले नाही. दहा वेळा ओढला, तरी एकही पडले नाही.

“बंदूक बिघडली,” तो म्हणाला.

बंदूक बिघडली नव्हती. मग बदक का पडले नाही? ते पुढे सांगतो. त्याआधी ही पेटी कशी चालते ते पाहू.

सोलापुरात राहणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगणे सोपे आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी चादरीचा कारखाना पाहिला असेल. मागाच्या वर जॅकार्ड नावाचे यंत्र बसवलेले असते. त्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. पुठ्ठ्यावर जिथे भोक असेल, तिथला उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नसेल, तिथला धागा खालीच राहतो. अशा रीतीने एकेक ओळ विणली जाते आणि मोर, फुले, वेलबुट्टी उमटत जाते. माग तोच असतो, सूत तेच असते. पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदलते. फ्रान्समधील लियों या शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र तयार केले.

खेळाच्या पेटीचेही असेच आहे. पेटी म्हणजे माग आणि कॅसेट म्हणजे पुठ्ठ्यांची माळ. कॅसेटमध्ये एक चकती असते, तिला चिप म्हणतात. भोक आहे किंवा नाही, याप्रमाणे त्या चिपमध्ये ‘एक’ किंवा ‘शून्य’ अशा खुणा कायमच्या नोंदवलेल्या असतात. पेटी त्या खुणा वाचते आणि त्याप्रमाणे टीव्हीवर चित्र काढते. खरे पाहता, गाण्याच्या कॅसेटमध्ये असते तशी फीत हिच्यात नसतेच. पण दिसायला सारखी म्हणून आपल्याकडे सगळे तिला कॅसेट म्हणू लागले. बाजारात एकदा पडलेले नाव पुसता येत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात जोराने फुंकर मारायचो. आमच्या गल्लीत असा एकही मुलगा नव्हता, जो फुंकर मारत नव्हता. पुढे समजले, की कंपनी स्वतःच ‘फुंकू नका’ असे सांगत होती. फुंकरीबरोबर तोंडातली वाफ आत जाते आणि तांब्याच्या पट्ट्यांना गंज चढतो. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकर उगीचच श्रेय घेऊन जायची!

आता या पेटीची जन्मकथा पाहू. टीव्हीला जोडून खेळण्याची पहिली पेटी १९७२ साली अमेरिकेत विक्रीला आली. तिचे नाव ओडिसी. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून ती निघाली. तिच्यात आवाज नव्हता, रंग नव्हते. पडद्यावर फक्त पांढरे ठिपके हलायचे. मैदान दाखवायचे असेल, तर रंगीत पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवावा लागे. त्याच वर्षी अटारी नावाच्या कंपनीने पाँग हा चेंडूफळीसारखा खेळ काढला आणि तो लोकांना फार आवडला. पुढे १९७६ साली चिप असलेली, बदलता येणारी कॅसेट बाजारात आली. ती बनवणाऱ्या गटाचे प्रमुख जेरी लॉसन हे कृष्णवर्णीय अभियंते होते. त्यांचे नाव पुष्कळ वर्षे कोणी घेतलेच नाही. मला विचाराल, तर या सगळ्या गोष्टीत खरा जॅकार्ड तोच.

कॅसेट आल्यामुळे धंदाच बदलला. पेटी एकदा विकायची आणि कॅसेटी वर्षानुवर्षे विकत राहायच्या. अटारीने १९७७ साली काढलेल्या पेटीने खूप पैसा मिळवला. पैसा दिसला, की माणसे धावत येतात. कोणीही उठावे आणि कॅसेट काढावी, असे झाले. १९८२ साली ‘ई. टी.’ हा चित्रपट गाजत होता. त्यावरचा खेळ सणासुदीच्या आधी दुकानात यावा म्हणून अटारीने तो एका माणसाकडून सुमारे पाच आठवड्यांत तयार करून घेतला. खेळ कंटाळवाणा होता. मुलांनी तो घेतला, थोडा वेळ खेळला आणि टाकून दिला. दुकानदारांकडे माल पडून राहिला. १९८३ साली अटारीने ट्रक भरभरून कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात खड्डा खणून पुरल्या. पुष्कळांना ही दंतकथाच वाटायची. पण एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा उकरला, तेव्हा मातीने माखलेल्या कॅसेटी खरोखरच बाहेर निघाल्या.

अमेरिकेतील दुकानदार तेव्हा एवढे पोळले होते, की व्हिडिओ गेम हे नाव काढले तरी ते हात जोडत. अशा वेळी जपानची निंटेंडो ही कंपनी पुढे आली. ही कंपनी तशी जुनी आहे. १८८९ साली क्योटो शहरात ती सुरू झाली, तेव्हा ती खेळायचे पत्ते बनवत असे. तिने १९८३ साली जपानमध्ये लाल-पांढऱ्या रंगाची एक पेटी काढली. तिचे नाव फॅमिकॉम. १९८५ साली तीच पेटी अमेरिकेत न्यायची होती. कंपनीने युक्ती केली. पेटीला व्हिडिओ गेम असे न म्हणता ‘मनोरंजन यंत्रणा’ म्हटले. तिचा आकार व्हीसीआरसारखा केला, सोबत एक छोटा यंत्रमानव दिला. दुकानदार फसले म्हणा किंवा पटले म्हणा, पेटी दुकानात पोचली. तिच्यात निंटेंडोने एक कुलूपही ठेवले होते. कंपनीने परवानगी दिलेली कॅसेट असेल, तरच ते कुलूप उघडायचे. त्यामुळे वाटेल त्याने वाटेल तो खेळ विकण्याला आळा बसला. जगभरात या पेटीचे सहा कोटींहून अधिक नग विकले गेले.

मग माझी पेटी निंटेंडोची का? नाही. आणि इथेच आमच्या घरात वाद सुरू होतो.

आपल्या देशात रंगीत टीव्ही १९८२ च्या एशियाड खेळांच्या वेळी आला. नव्वदीच्या दशकात तो मध्यमवर्गाच्या घरात दिसू लागला. मुलांना टीव्हीवरचे खेळ हवे होते. पण परदेशी वस्तूंवर त्या काळी जबर आयात कर होता. सेगा या जपानी कंपनीची पेटी १९९५ च्या सुमारास आपल्याकडे अधिकृतपणे विकायला आली, तेव्हा तिची किंमत अठरा हजार रुपये होती. निंटेंडोची पेटीही ‘सामुराई’ या नावाने मिळत असे, पण ती थोड्यांनाच परवडायची. माझे अब्बा चादरीच्या कारखान्यात मागावर काम करत. अठरा हजारांची वस्तू खेळायला घेणे आमच्या स्वप्नातही येत नव्हते.

ही रिकामी जागा तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी भरून काढली. जपानी फॅमिकॉममध्ये ते कुलूप नव्हतेच. म्हणून तिची नक्कल करणे सोपे गेले. पुढे तर सगळी यंत्रणा एकाच चिपमध्ये बसवण्यात आली. आमची पेटी मी एकदा उघडून पाहिली होती. आत जवळजवळ काहीच नव्हते. मधोमध काळ्या डांबरासारखा एक गोळा होता. त्या गोळ्याखाली ती चिप होती. बाकी पेटी रिकामी! भारतात मीडिया, लिटल मास्टर अशा नावांच्या पेट्या खपल्या. रशियात १९९२ पासून डेंडी नावाची पेटी निघाली आणि तिथल्या एका पिढीला व्हिडिओ गेम म्हणजे डेंडीच वाटू लागला. अमेरिकी कॅसेटला ७२ पट्ट्या असतात, जपानी कॅसेटला ६०. तुमच्या मामांकडे किंवा चाचांकडे एखादी जुनी कॅसेट असेल, तर पट्ट्या मोजून पाहा. बहुधा ६० भरतील.

ज्यांच्याकडे पेटी नव्हती, ती मुले गल्लीतल्या दुकानात तासाच्या भाड्याने खेळत. एक जण खेळे आणि सहा जण मागे उभे राहून सल्ले देत. पेटी घेण्याआधी मीही त्या सहांत होतो. कॅसेटींचीही गंमत असे. माझ्या एका कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. घरी येऊन पाहतो, तर खरे खेळ जेमतेम डझनभर. पुढच्या यादीत तेच खेळ नाव बदलून आले होते. कुठे मारिओ दुसऱ्या पायरीपासून सुरू होई, कुठे त्याचा रंग वेगळा असे. मी रडकुंडीला आलो होतो. दुकानदार म्हणाला, “मोजून घ्यायचे होते!”

मी पेटी घरी आणली, त्या दिवशी अब्बांनी ती हातात घेतली. चादर तपासताना ते जशी तिची किनार बघत, तशी त्यांनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली. त्यांनी विचारले, “ही बनवली कोणी?” पेटीवर बनवणाऱ्याचे नाव, गाव काहीच नव्हते. ते म्हणाले, “ज्याने बनवली, त्याला आपले नाव लिहायला लाज का वाटते?”

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. त्यांच्या बोलण्यामागचे कारण मला नंतर समजले. सोलापुरी चादरीचे नाव देशभर आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणजे सोलापुरात न बनलेली चादर सोलापुरी म्हणून विकता येत नाही. तरीही पानिपतसारख्या ठिकाणी यंत्रावर झपाट्याने बनवलेल्या स्वस्त चादरी सोलापुरी नावाने विकल्या जातात, अशी इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. नकली चादर घेणाऱ्याचे शंभर-दोनशे रुपये वाचतात. पण इथला एखादा माग बंद पडतो आणि मागावरच्या माणसाची मजुरी जाते.

या सुट्टीत तोच वाद पुन्हा निघाला. मी म्हणालो, “अब्बा, खरी पेटी अठरा हजारांची होती. नक्कल नसती, तर आमच्या गल्लीतल्या एकाही मुलाने मारिओ पाहिला नसता.”

अब्बा म्हणाले, “आमची चादर महाग म्हणून लोक नकली चादर घेतात. मग तेही बरोबर का?”

नक्कल, बाजार, किंमत, नफा हे शब्द उर्दूत आहेत तसेच मराठीतही आहेत. तरी बाप आणि मुलगा त्यांचा वेगवेगळा अर्थ लावत होते. मी पुष्कळ विचार केला. मला जे वाटते ते सांगतो. यंत्राच्या शोधाचे पेटंट साधारण वीस वर्षांनी संपते. मग ते यंत्र कोणीही बनवू शकतो. जॅकार्डही आज कोणीही बनवतो. पण खेळ ही गोष्ट पुस्तकासारखी आहे. तिचा हक्क याहून कितीतरी जास्त वर्षे टिकतो. माझ्या कॅसेटीतील खेळ ज्यांनी रात्री जागून रचले, त्यांना माझ्या ईदीतला एक पैसाही मिळाला नाही. ही चूकच. मात्र निंटेंडोने आमच्यासारख्यांना परवडेल असा माल कधी पाठवलाच नव्हता. सोलापूरची चादर तर दारात मिळते. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालणे मला कठीण जाते. अब्बांना हे अर्धेच पटले आहे.

नक्कल बाजूला ठेवली, तरी चांगली पेटी खपतेच असे नाही. १९८९ साली निंटेंडोने गेम बॉय हे हातात धरण्याचे यंत्र काढले. त्याचा पडदा हिरवट, चित्रे बिनरंगी. सेगाच्या गेम गिअरचा पडदा रंगीत आणि प्रकाशमान होता. दोन्ही शेजारी ठेवली, तर कोणीही गेम गिअरच उचलेल. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर दहा-बारा तासांहून अधिक चाले. ज्यांनी भारनियमनाच्या रात्री काढल्या आहेत, त्यांना यातला फरक समजावण्याची गरज नाही. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून जवळजवळ बारा कोटी खपले. गेम गिअर सुमारे एक कोटीवर थांबला. गेम बॉयचे कर्ते गुनपेई योकोई यांचे मत होते, की जुने, स्वस्त झालेले तंत्र नव्या कल्पनेने वापरावे. याच योकोईंनी १९९५ साली व्हर्च्युअल बॉय काढला. त्यात डोळे खुपसून सगळे जग लाल आणि काळे पाहायचे. लोकांची डोकी दुखली. वर्षभरात ते यंत्र बंद झाले. सेगाने तर २००१ साली पेट्या बनवणेच सोडून दिले. तिची शेवटची पेटी, ड्रीमकास्ट, आजही जाणकार वाखाणतात. दुकानात ती पडून राहिली होती, ही गोष्ट वेगळी.

अलीकडे जुन्या पेट्यांना पुन्हा दिवस आले आहेत. २०१६ साली निंटेंडोने आपल्या जुन्या पेटीची तळहातावर मावणारी प्रत काढली. तिच्यात तीस खेळ भरलेले होते. तेव्हाची मुले आता कमावती झाली होती. त्यांनी रांगा लावल्या आणि काही महिन्यांत तेवीस लाख नग खपले. २०२१ साली अमेरिकेत मारिओची एक न उघडलेली कॅसेट लिलावात साडेपंधरा लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेली. मला हा वेडेपणा वाटतो. जी कॅसेट कोणी कधी खेळलेच नाही, ती सर्वांत महाग! दुसरीकडे, २०२३ साली अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले, की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या दर शंभर खेळांपैकी सत्त्याऐंशी खेळ आज दुकानात मिळतच नाहीत. ते कुठे टिकून असतील, तर माझ्यासारख्यांच्या माळ्यावर आणि बऱ्याचदा नकली कॅसेटीत. अब्बांना हे सांगितले, तेव्हा ते पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

आता बंदुकीकडे वळू. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत एक डोळा असतो आणि तो टीव्हीकडे पाहतो. घोडा ओढला, की क्षणभर सगळा पडदा काळा होतो. लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या डोळ्याला काळोखानंतर उजेड दिसला, तर नेम बरोबर. नाही दिसला, तर नेम चुकला. हे सगळे एवढ्या झटपट होते, की आपल्याला फक्त एक लुकलुक दिसते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत विजेचा झोत वरून खाली रेघा ओढत चित्र काढतो. आपल्याकडच्या टीव्हीत हे सेकंदाला पन्नास वेळा होते. पेटीने चित्र पाठवले, की ते त्याच क्षणी काचेवर उमटते. नवा चपटा टीव्ही मात्र आलेले चित्र आधी आत घेतो, त्यावर काम करतो आणि मग दाखवतो. त्यात थोडासा उशीर होतो. आपल्याला तो जाणवत नाही. बंदुकीला जाणवतो. तिने डोळा मिटल्यावर तो पांढरा चौकोन येतो. शिवाय जुन्या काचेवरच्या प्रकाशाची एक विशिष्ट थरथर असते. तीच ओळखायला बंदुकीचा डोळा शिकलेला आहे. नव्या पडद्यावर ती नसते.

म्हणजे आम्हांला जुना टीव्ही शोधणे भाग होते. भंगारवाल्याकडे गेलो. तिथे तिघा-चौघांच्या काचा फुटलेल्या होत्या. शेवटी आमच्या ओळखीच्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मागच्या खोलीत एक चालू टीव्ही सापडला. त्यावर कापड टाकलेले होते. अब्बाही काठी टेकत आमच्याबरोबर आले. पेटी जोडली. बदके उडाली. भाच्याने नेम धरला आणि पहिलेच बदक फडफडत खाली आले. त्याने एवढ्या जोरात आरोळी ठोकली, की रस्त्यावरचे दोघे आत डोकावले.

मी दुकानदाराला टीव्हीची किंमत विचारली. त्याने मान हलवली.

“विकायचा नाही,” तो म्हणाला. मग अब्बांना खुर्ची देऊन त्याने बंदूक त्यांच्या हातात ठेवली. “चाचा, तुम्ही मारून बघा.”